शाळेचा सांगावा



जूनचा शेवटचा आठवडा आठवून पाहा. आपल्या विदर्भात उन्हाचा कडाका मोठा, म्हणून आपल्याकडच्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. आणि नेमका त्याच वेळी पाऊस दार ठोठावतो. सरकीची पाकिटे घरात येऊन पडलेली असतात, तुरीचे बियाणे काढून ठेवलेले असते, सोयाबीनची उगवण तपासून झालेली असते. ओल आहे तोवर पेरून घ्यायचे, म्हणून घरातला झाडून सारा माणूस वावरात असतो.

अशा दिवशी पोरगा शाळेतून येतो आणि दप्तरातून एक चिठ्ठी काढतो. तिच्यावर लिहिलेले असते, "उद्या सकाळी ११ वाजता पालकसभा आहे. आपण अवश्य उपस्थित राहावे." पोरगा मोठ्याने वाचून दाखवतो. बाप म्हणतो, "पाणी पडून रायला, अन् म्हणे सभेले ये! माहं वावर काय तुहे गुर्जी पेरून देनार हायेत?" माय म्हणते, "मले काय समजते बापा सभेतलं?" आणि ती चिठ्ठी खताच्या थैलीखाली जाते ती जातेच.

होते की नाही असे? तुम्ही मांगलादेवीचे असा, माणिकवाड्याचे असा, मोझरचे की वटफळीचे. नेर तालुक्यातच काय, साऱ्या जिल्ह्यात घरोघरी थोड्याफार फरकाने हेच घडते. यात तुमचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पोटाचे काम पहिले. पण बंधूंनो, एक गोष्ट विचारतो. वावरात बियाणे टाकल्यावर आपण घरी निजून राहतो काय? चौथ्या-पाचव्या दिवशी बांधावर जातोच ना? कुठे तूट पडली, कुठे नांगे भरायचे, हे पाहतोच ना? मग जे बियाणे आपण शाळेत टाकले, त्याची उगवण कोणी पाहायची? एकट्या गुरुजींनी?

आज या चिठ्ठीबद्दलच थोडे बोलू. शाळेने घरी काय कळवले पाहिजे, घराने शाळेला काय विचारले पाहिजे आणि आपल्या हक्काचे काय काय आहे, हे जाणून घेऊ.

शाळा कोणाची?

पुष्कळांना वाटते, शाळा सरकारची. पगार सरकार देते, पुस्तके सरकार देते, तेव्हा आपले तिथे काय काम? पण जिल्हा परिषद आपल्याकडे आली ती याच्या अगदी उलट विचाराने. खेड्याचा कारभार खेड्यातल्या माणसांच्या हाती कसा द्यावा हे ठरवण्यासाठी राज्याने एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते आपल्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पुढे १९६३ ते १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ नाईकसाहेब मुख्यमंत्री राहिले. शाळेचा कारभार मुंबईहून नव्हे, तर तुमच्या मताने निवडलेल्या माणसांकडून चालावा, हा त्यामागचा हेतू होता.

त्याही आधीची गोष्ट सांगायची तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याकडे पाहा. नेरहून अमरावतीच्या वाटेवर नांदगाव खंडेश्वर तालुका लागतो. त्याच तालुक्यातले पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचे गाव. शेतकऱ्याच्या पोराला शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आणि गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांना सांगतच फिरले, की घरातली भांडी विकावी लागली तरी विका, भाकर हातावर घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला. ही आपल्या मातीची शिकवण आहे. ती कोणी बाहेरून आणलेली नाही.

आता या शिकवणीला कायद्याचाही आधार आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क हा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला पहिली ते आठवीपर्यंत फुकट शिक्षण मिळालेच पाहिजे, हे त्यात आहे. पण त्यात पालकांचा जो भाग आहे तो फार थोड्यांना ठाऊक असतो. म्हणून तो आधी पाहू.

बारा-सोळा माणसांची समिती

प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. आपल्या राज्यात ही समिती बारा ते सोळा जणांची असते. यातले निदान पाऊण भाग सभासद पालकच असले पाहिजेत, असे कायदा सांगतो. म्हणजे सोळातले बारा तुमच्या-आमच्यासारखे आई-बाप. निम्म्या जागी बायका हव्यात. गोरगरीब आणि मागासलेल्या घरांतल्या मुलांचे पालकही त्यांच्या संख्येच्या मानाने हवेत. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच होतात. मुख्याध्यापक हे समितीचे सचिव असतात. ते समितीचे मालक नसतात. समितीची मुदत दोन वर्षांची असते आणि पालकसभेतूनच तिचे सभासद निवडले जातात.

आता कळले, ती खताच्या थैलीखालची चिठ्ठी किती मोलाची होती ते? ज्या दिवशी आपण पेरायला गेलो, त्या दिवशी कदाचित समिती निवडली गेली असेल. पाच-सहा माणसे जमली, गावातल्या दोन वजनदारांची नावे आली, बायकांच्या जागी कोणाच्या तरी घरच्या बायकांची नावे लिहिली गेली आणि सभा संपली. मग वर्षभर त्या बाईचे नुसते अंगठे किंवा सह्या. ती शाळेच्या पायरीवरही चढत नाही. यात कायदा मोडल्याचा कागदोपत्री कुठे पुरावा राहत नाही. पण कायद्याचा जीव मात्र गेलेला असतो.

समितीचे काम काय? शाळा नीट चालते की नाही ते पाहणे. गुरुजी वेळेवर येतात की नाही, मुलांची हजेरी कशी आहे, खिचडी कशी शिजते, संडास आणि पिण्याचे पाणी आहे की नाही, हे पाहणे. शाळेचा विकास आराखडा करणे. आणि आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे.

पैसा येतो बरे का! समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पटाप्रमाणे वर्षाला अनुदान ठरलेले आहे. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, असा निकष आहे. रक्कम मोठी नाही. पण खडू-फळा, वीजबिल, हातपंपाची दुरुस्ती, संडासाची स्वच्छता यासाठीच ती असते. यंदा किती आले आणि कशावर खर्च झाले, हे सभेत विचारणे म्हणजे गुरुजींवर अविश्वास दाखवणे नव्हे. सोसायटीच्या सभेत आपण हिशेब विचारतो, तसेच हे.

गुरुजींनी घराला काय सांगितले पाहिजे?

पालकांना भेटून मुलाची माहिती देणे ही गुरुजींची मेहरबानी नाही. ते त्यांचे कर्तव्य आहे आणि कायद्याच्या कलम २४ मध्ये ते लिहिले आहे. मुलगा नियमित येतो का, त्याची शिकण्याची ताकद कशी आहे, किती प्रगती झाली आणि त्याच्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखे आहे का, हे त्यांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन सांगायचे आहे.

तेव्हा सभेला गेलात की पुढचे प्रश्न विचारा. हे विचारायला शिक्षण लागत नाही.

एक, माझ्या लेकराला त्याच्या वर्गाचे पुस्तक न अडखळता वाचता येते काय? माझ्यासमोर वाचून घ्या.

दोन, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांतले काय येते, काय येत नाही?

तीन, गेल्या महिन्यात तो किती दिवस आला? घरून निघाला आणि शाळेत पोचला नाही, असे तर झाले नाही?

चार, वर्गात तो बोलतो का? कोणी त्याला मारते, चिडवते काय?

पाच, घरी आम्ही काय करावे?

प्रगतिपत्रकावर अ, ब, क अशा श्रेणी असतात. 'ब' म्हणजे काय, हे विचारून घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आठवीपर्यंत नापास करत नाहीत असे पुष्कळ जण अजून धरून चालतात. आता तसे राहिले नाही. २०२३-२४ या वर्षापासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा एकदा परीक्षेची संधी मिळते, पण तीतही उत्तीर्ण झाला नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे लेकरू कुठे मागे आहे ते एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही. ते दिवाळीच्या आत कळले पाहिजे.

मोबाइलवरचा सांगावा

आता बऱ्याच शाळांनी पालकांचे व्हॉट्सअॅप गट केले आहेत. सभेची तारीख, सुटी, गणवेशाची माप घेण्याची वेळ, सारे त्यावर येते. सोय चांगली आहे. पण एक गोम आहे. घरात मोबाइल एकच असतो आणि तो बापाच्या खिशात, वावरात असतो. लेकराला न्हाऊ-माखू घालून शाळेत धाडणारी, त्याचे पोट दुखले तर रात्र जागणारी माय. तिच्यापर्यंत तो सांगावा पोचतच नाही. म्हणून भावांनो, शाळेचा निरोप आला की संध्याकाळी घरात मोठ्याने वाचून दाखवत जा. आणि शाळेनेही नुसता मोबाइलवर निरोप टाकून आपले काम झाले असे समजू नये. तांड्यावर, बेड्यावर, वस्तीवर जाऊन सांगावे.

भाषेचेही तसेच आहे. सभेत 'अध्ययन निष्पत्ती', 'संकलित मूल्यमापन' असले शब्द निघाले की आपली माणसे माना डोलावतात आणि घरी जातात. बंजारा तांड्यावरची माय घरात गोरमाटी बोलते. तिला तिच्या भाषेत समजावणारा एखादा शिकलेला पोरगा त्याच तांड्यावर सापडतो. त्याला सभेत बसवावे. कायद्यानेसुद्धा जमेल तिथवर मुलाला त्याच्या मायबोलीतून शिकवावे असे म्हटले आहे. मग मायबापाशी बोलताना तरी तिची लाज कशाला?

अंगठेबहाद्दर माउलीसाठी

"मी काय शिकवू जी? मले तर अक्षर येत नाही," असे म्हणणाऱ्या मायबहिणींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. कोरोनाच्या साथीत २०२० च्या मार्चपासून शाळा बंद पडल्या, तेव्हा लेकरांचे शिक्षण घरावर येऊन पडले. त्या काळात नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' लागायची आणि रेडिओभोवती पोरे बसायची. तेव्हा साऱ्यांच्या लक्षात आले, की न शिकलेली माय रेडिओ लावून देऊ शकते, पोराला समोर बसवू शकते आणि "सांग रे, काय ऐकलंस?" असे विचारू शकते. शिकवण्याचे निम्मे काम तिथेच होते.

२०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. त्यातून गावोगाव मातांचे गट करण्यात आले. चार-पाच शेजारणींनी मिळून लेकरांना घरातल्याच वस्तूंनी शिकवायचे, अशी त्याची रीत आहे. तुरीचे दाणे मोजायला लावा. मोठे वांगे कोणते, लहान कोणते ते विचारा. भाकरीचे चार भाग करून पाव आणि अर्धा दाखवा. गोष्ट सांगा आणि ती पुन्हा सांगायला लावा. याला अक्षर लागत नाही. तुमच्या गावच्या अंगणवाडीत किंवा शाळेत असा गट आहे का, विचारून घ्या. नसेल तर चौघी मिळून करा.

वेचणीच्या दिवसांत

आता सगळ्यांत अवघड जागेवर येतो. दसरा-दिवाळी झाली की कपाशी फुटते. मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि पाऊस आला तर डोळ्यांदेखत कापूस भिजतो. मग पोरगी शाळेतून घरी राहते. आधी दोन दिवस, मग आठ दिवस. लहान भाऊ सांभाळायचा असेल तर महिनाभर. सातवीतली पोर अशी एक हंगाम घरी राहिली की पुढच्या वर्षी ती शाळेत जायला लाजते. दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी निघतात. एका हंगामाची वेचणी अशी साऱ्या जन्माला पुरते.

आम्हाला वावरातले ओढाताणीचे दिवस ठाऊक आहेत. म्हणून 'पोरीला मुळीच कामाला लावू नका' असा कोरडा उपदेश करत नाही. पण एवढे करा. सकाळी शाळा आणि सुटीच्या दिवशी वेचणी, हा क्रम मोडू नका. अगदीच अडचण आली तर गुरुजींना जाऊन सांगा, "गुर्जी, दोन दिवस पोरगी येणार नाही. तिसऱ्या दिवशी नाही आली तर मले विचारा." असे सांगितलेत की ती पोर हजेरीपटावरून निसटत नाही.

आणि जी कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा दुसऱ्या मुलखात कामाला जातात, त्यांनी जाण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या. पहिली, शिक्षण हमी कार्ड. जाताना शाळेकडून ते घ्यायचे आणि जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवायचे. तिथे लेकराला बसवून घेतात आणि परत आल्यावर इथला वर्ग तुटत नाही. दुसरी, हंगामी वसतिगृह. आई-बाप कामाला गेले आणि लेकरे गावातच आजी-आजोबांपाशी राहिली, तर त्यांच्या जेवणाखाण्याची सोय समग्र शिक्षेतून करता येते. आपल्या केंद्रातून तशी मागणी गेली आहे का, हे समितीने दिवाळीच्या आत पाहावे. लोक निघून गेल्यावर मागणी करण्यात अर्थ नाही.

कधीच शाळेत न गेलेले किंवा मध्येच सुटलेले लेकरू असेल तर "आता मोठं झालं, पहिलीत कसं बसवायचं?" असे मनात आणू नका. त्याच्या वयाला शोभेल त्या वर्गात त्याला घ्यायचे आणि मागचे भरून काढण्यासाठी वेगळे शिकवायचे, असा कायदा आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही.

ताटातले, अंगावरचे आणि वाटेवरचे

दुपारचे जेवण आपल्याला ठाऊकच आहे. १९९५ साली ही योजना आली तेव्हा घरी तांदूळ मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले अन्न द्या असा हुकूम केला, तेव्हापासून चूल पेटली. २०२१ पासून तिचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. वर डाळ, भाजी, तेल असते. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची आहे. कधी वावरात जाता-जाता दुपारी शाळेत डोकावा आणि दोन घास खाऊन पाहा. रांधणाऱ्या बाईलाही बरे वाटेल आणि तुम्हालाही कळेल.

पुस्तके फुकट आहेत आणि गणवेशही मिळतो. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास फुकट असतो. गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपली आणि पोरीला नेरला किंवा मोठ्या गावच्या शाळेत जायचे असेल तर हा पास तिचा आधार आहे. बस वेळेवर येत नसेल तर एकट्याने तक्रार करू नका. समितीचा ठराव करून मुख्याध्यापकांमार्फत आगारप्रमुखांकडे द्या. एका बापाच्या तोंडी तक्रारीपेक्षा ठरावाच्या कागदाला अधिक वजन असते.

हुशार लेकरांसाठी वाटा आहेत. पाचवीत असताना नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते. यवतमाळ जिल्ह्याचे नवोदय घाटंजी तालुक्यातल्या बेलोऱ्याला आहे. तिथल्या निदान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी आहेत. आठवीत असताना एन.एम.एम.एस. नावाची परीक्षा असते. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल तीत निवडले गेले तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. हे फॉर्म भरण्याची मुदत कधी येते आणि कधी जाते ते आपल्याला कळत नाही. म्हणून पाचवीच्या आणि आठवीच्या पालकांनी शाळा उघडल्यावरच गुरुजींना सांगून ठेवावे, "आमच्या पोराचा फॉर्म राहू देऊ नका."

एक कागद जन्मभर

शाळेत नाव घालताना जे लिहिले जाते ते दाखल-खारीज रजिस्टरात बसते. नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जात. पहिलीच्या वेळी घाईत सांगितलेले नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत एका काना-मात्रेचा फरक असला तरी पुढे शिष्यवृत्तीचे पैसे अडतात. वर्षातून एकदा ही नोंद डोळ्यांनी पाहून घ्या. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच अर्ज करून दुरुस्त करा. दहावी झाल्यावर हे काम फार जिकिरीचे होते.

हेच रजिस्टर आज्या-पणज्याच्या नावासाठीही कामी येते. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. तो बहुतेक वेळा आजोबा ज्या शाळेत दोन इयत्ता शिकले तिथल्याच पिवळ्या पानांत सापडतो. म्हणून शाळेचे छप्पर गळत असेल तर त्याखाली तुमच्या घराचाही कागद भिजतो आहे, हे ध्यानात ठेवा.

घरात दुःख आले तर

आपला जिल्हा साऱ्या देशाला ज्या कारणाने ठाऊक झाला, ते कारण आपण विसरू शकत नाही. नापिकी आली, कर्ज चढले आणि कितीतरी घरांतला कर्ता माणूस गेला. अशा घरातले लेकरू दहा-बारा दिवसांनी शाळेत येते तेव्हा ते गप्प बसते. गुरुजींना ठाऊक नसेल तर ते "गृहपाठ का नाही केला?" म्हणून रागावतात. म्हणून घरात काही आक्रीत घडले तर कोणीतरी, काका-मामा का होईना, शाळेत जाऊन सांगावे. मारणे आणि मन दुखावणे, दोन्हीला कायद्याने बंदी आहे. पण त्याहून अधिक काही शाळा करू शकते. ती वाट दाखवू शकते.

आई किंवा बाप गेलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तीत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. शाळेत शिकत असल्याचा दाखला लागतो, तो मुख्याध्यापक देतात. तसेच पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याला अपघात झाला तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजनेतून घरच्यांना मदत मिळते. कपाळावर हात मारून बसलेल्या विधवा माउलीला हे कोण सांगणार? ज्याला ठाऊक आहे त्याने. आज हे वाचलेत, म्हणजे आता तुम्हाला ठाऊक झाले.

ऐकले नाही तर?

आधी गुरुजींशी बोला. मग मुख्याध्यापक, मग समिती. तिथेही काम झाले नाही तर केंद्रप्रमुख आणि त्यापुढे नेरच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. त्याहीवर यवतमाळला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी आहेत. मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार दिली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे कलम ३२ सांगते. तक्रार तोंडी करू नका, लिहून द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भांडायला जाऊ नका, विचारायला जा. लेकराच्या अंगावर कोणी हात टाकला, छळ केला, तर मात्र पायऱ्या मोजत बसू नका. १०९८ या क्रमांकावर फुकट फोन लागतो. लगेच लावा.

गुरुजींनाही एक विनंती

गुरुजी-बाईंनो, आपणही हे पान वाचत असाल. पालक येत नाहीत, ही आपली तक्रार खरी आहे. पण पेरणीच्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, वेचणीच्या भरात सकाळी अकराला सभा ठेवली तर कोण येणार? ढोरे घरी आल्यावर, दिवेलागणीला सभा ठेवून पाहा. १५ ऑगस्टला झेंड्यासाठी गाव जमतोच. त्याला जोडून अर्धा तास घ्या. आणि आलेल्या माणसाशी पहिले वाक्य त्याच्या लेकराच्या कौतुकाचे बोला. "भाऊ, तुमच्या पोराचं अक्षर पाहा कसं वळणदार आहे," असे ऐकलेला बाप पुढच्या सभेला आपणहून येतो. शाळेतून नेहमी तक्रारीचाच निरोप येत असेल तर त्या चिठ्ठीला खताच्या थैलीखालचीच जागा मिळणार.

वेळ आता हातातून जाते आहे. पट घसरला की शाळेचे भवितव्य टांगणीला लागते. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये शासनाने पुढे आणला होता. गावची शाळा एकदा गेली की सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला जावे लागेल. मग कितीजणी जातील? ज्या गावचे आई-बाप शाळेत येतात-जातात, त्या गावची शाळा सहजासहजी कोणी हलवत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी पोराने दप्तरातून चिठ्ठी काढली की ती थैलीखाली टाकू नका. दाराच्या खुंटीला, सर्वांना दिसेल अशी अडकवा. दोघांना जमत नसेल तर एकाने जा. एकालाही जमत नसेल तर आजीला पाठवा. आणि कोणालाच जमले नाही तर दुसऱ्या दिवशी वावरात जाता-जाता शाळेच्या फाटकात उभे राहा आणि विचारा, "राम राम गुर्जी, काल काय झालं सभेत?" तेवढे विचारलेत तरी शाळेला कळेल, की या लेकराच्या पाठीमागे घर उभे आहे.